वाईन टूरचे शेवटचे दोन दिवस साडूच्या बागेत कसे काढावेत

सुट्टी अकरा दिवसांची घ्यावी. पोरांची शाळा बुडते, बुडू द्यावी. पहिले नऊ दिवस पैसे मोजून काढावेत. नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला सुलात सूर्यास्त, मग दिंडोरीकडची एखादी वायनरी, परतताना अकलूजजवळ फ्रॅटेलीची बाग. तिथे वेळ आधी ठरवून जावं, दारावरच्या माणसाला 'सर, प्लीज' म्हणावं आणि दोरी बांधली असेल तर तिच्या अलीकडे गुमान उभं राहावं. दहाव्या दिवशी पाकीट हलकं झालं की एकदम आठवावं, अरे, तासगावला बायकोच्या बहिणीचं घर आहे की! त्यांचीही द्राक्षंच. आणि तिथे दोरी नाही.

फोन सांगोला ओलांडल्यावर करावा. 'आलोच तासाभरात, काही करत बसू नका' असं म्हणावं. म्हणजे पाच माणसांचा स्वयंपाक होतो.

महिना फेब्रुवारीचा शेवट निवडावा. घरातलं एकूण एक माणूस बागेत असतं, तोडणीची टोळी सकाळी सहाला येते आणि व्यापाऱ्याची गाडी येतो म्हणते, पण कधी ते सांगत नाही. पाहुण्याला सगळ्यांचं लक्ष वेधून घ्यायचं तर याहून चांगला मुहूर्त नाही.

आल्या आल्या विचारावं, "टेस्टिंग रूम कुठे?" गोठ्यापलीकडे आहे, बसा.

जेवताना ताकाचा ग्लास गोल गोल फिरवावा, त्यात नाक घालावं, डोळे मिटावेत आणि 'थोडी स्मोकी नोट आहे' असं जाहीर करावं. फोडणी करपलीय ती. बहीण आलीय म्हणून आमच्या मंडळी दारात बोलत उभ्या राहिल्या होत्या.

आपलं ज्ञान लपवू नये. शेडवर खडूनं 'तास-ए-गणेश' लिहिलेलं दिसलं की मान वाकडी करून वाचावं, "टा-से गनेश... फ्रेंच व्हरायटी का हो?" हो ना. तास म्हणजे तासगाव, ए म्हणजे आर्वे आणि गणेश म्हणजे आमचा उजव्या सोंडेचा गणपती. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून हा वाण निवडला. इतकं फ्रेंच की सकाळी एसटीनं बोरगावला जाऊन दुपारी परत येता येतं.

मग वाईनधोरणाकडे वळावं. 2022 च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय घेतला, तेव्हा तुमच्यासारख्यांचं भलं होणार होतं, लोकांनी उगाच विरोध केला, हे बांधावर उभं राहून शेतकऱ्याला समजावून सांगावं. त्याच्या बागेत तास-ए-गणेश आणि सोनाका आहे, म्हणजे खायची द्राक्षं आहेत, वाईन होते ती शिराज, कॅबर्ने, शेनिन ब्लांक असल्या वेगळ्या वाणांची, हा फरक नऊ दिवस पैसे भरून ऐकलेला असला तरी विसरावा. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूरसारखंच आमच्या पलूसलाही वाईन पार्क निघालं. ते बघायला जाऊ म्हटलं तर मात्र 'तिथे कॅफे आहे का' एवढंच विचारावं.

घड हातात घेऊन फोटो काढावा. एक नाही, पन्नास. मण्यावर पांढुरकी पावडर असते ती औषध समजून ओढणीनं खसाखसा पुसावी. ती द्राक्षाची स्वतःची असते हो! त्या पावडरीवर व्यापारी माल पास करतो. आमच्या बायका देठाला धरून घड उतरवतात, मण्याला बोट लागू देत नाहीत, आणि ह्या बाईसाहेब एकेक घड पुसून, चकचकीत करून, परत वेलीवर लटकल्यासारखा दिसावा म्हणून काडीत अडकवून ठेवतात.

आता मुख्य कार्यक्रम. द्राक्षं तुडवणे.

नाशिकला हे पैसे देऊन करता येतं. मोठं लाकडी पिंप, गाणी लावलेली, टोप्या घातलेली माणसं. तिथे नंबर लागला नाही म्हणून पोरं हिरमुसली होती. तर पोरांचं मन मोडू नये. यजमान वजनकाट्यावर गेला आहे हे बघून शेडमागून तीन क्रेट उचलावेत. विचारू नये, 'घरचंच आहे'. निळा टब कोपऱ्यात पालथा असतो तो उलटावा, क्रेट ओतावेत, पोरांना वर उभं करावं आणि मोबाइल आडवा धरावा.

तीन क्रेट म्हणजे साठ किलो. बेदाण्याला काढून ठेवलेला माल होता तो. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा, म्हणजे पंधरा किलो बेदाणा तुमच्या पोरांच्या बोटांतून गेला. आणि पोरांचं सोडा, त्या साठ किलोंच्या मागे काय असतं? एप्रिलमध्ये खरड छाटणी. भर उन्हात पाणी विकत घेऊन टँकरनं बाग जगवायची. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस. दावण्या रोग आला की रात्री दोनला उठून बॅटरीच्या उजेडात फवारणी. मग घडाची विरळणी. एकेका घडातले मणी कात्रीनं मोजून काढायचे, मान मोडेपर्यंत वर बघत. मग जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या संजीवकाच्या पाण्यात घड बुडवायचे, एकेक, हातानं. हे सगळं होऊन माल तयार झाला की आभाळ बघत बसायचं, कारण फेब्रुवारीतला एक अवकाळी तास मणी तडकवून जातो. त्यातूनही वाचला तर व्यापारी. गेल्या वर्षी एक जण माल उचलून गेला तो गेलाच, फोन अजून 'स्विच ऑफ' आहे. आणि ह्या सगळ्यातून जे उरलं त्यावर तुम्ही नाचलात. पायानं. माझी आई अजून सांडलेला भाताचा दाणा पदरात उचलते, ती ओसरीवरून बघत होती. काही बोलली नाही. उठून आत गेली.

आणि तो टब! त्यात आम्ही डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट कालवतो. बेदाण्याची द्राक्षं त्यात बुडवून जाळीवर टाकतात, म्हणजे साल लवकर पाणी सोडते. पोरांच्या पायांना आग सुटली, रडारड झाली, तेव्हा साडूभाऊ माझ्यावरच उखडले. "किती केमिकल वापरता हो तुम्ही लोक! म्हणूनच आम्ही ऑरगॅनिक घेतो." मी मोटरसायकल काढून तासगावातून मलम आणलं. तेवढ्यात व्यापाऱ्याची गाडी येऊन गेली. माल दाखवायला कोणी नाही म्हणून पुढच्या बागेवर गेली.

ह्यात आता सल्ला बिल्ला काही राहिलेला नाही. साडूभाऊ, हे तुम्ही वाचणार आहात, मला माहीत आहे, तर सरळच बोलतो. तुम्हाला लाज वाटायला हवी होती. दारू प्या, नका पिऊ, मला त्याचं काही नाही. तिथल्या बागेत तुम्ही दोरीच्या अलीकडे उभे राहिलात ना? राहिलात. पाटी वाचलीत, चप्पल काढा म्हणाले तर काढलीत. मग माझ्या बागेत अक्कल गहाण का पडली? तिथे पाटी इंग्रजीत होती म्हणून? का माझ्या अंगावर औषधाचा वास येत होता म्हणून? 'काय निवांत आयुष्य आहे तुमचं' असं जाताना म्हणालात. आमच्या मंडळींनी त्या दोन दिवसांत अठ्ठावीस पोळ्यांची कणीक दोनदा मळली, मधल्या वेळात घड उतरवले, आणि तुमच्या बायकोनं, म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीनं, एक ताट उचललं नाही. मेव्हणी आहे, मी बोलायला नको. पण बोललो.

काल तुमचा फोन आला. व्हिडिओ छान झालाय म्हणालात, सोसायटीत सगळ्यांना आवडला, आता दोन पेट्या पुण्याच्या गाडीत टाकून द्या, घरचीच आहेत ना.

टाकतो. चार किलोची पेटी, आजचा तासगावचा जो दर असेल तो, पैसे आधी. आणि टब अजून तसाच आहे, मुंग्या लागल्यात. धुवायला कोण येतंय ते कळवा.