१८५८ सालची गाडी घाट चढून आली नव्हती

जून महिना आला की पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक पोस्ट फिरू लागते. तिचं म्हणणं थोडक्यात असं: १४ जून १८५८ रोजी मुंबईहून निघालेली पहिली गाडी घाट चढून पुण्याला आली, खोपोलीचं स्टेशन म्हणजे इंग्रजांच्या फसलेल्या बेताचा उरलेला तुकडा, पुणे स्टेशनची आजची इमारत तेव्हाचीच, आणि घाटातली रेल्वे हा जेम्स बर्कली या एका इंजिनिअरचा पराक्रम. शेवटी शिंग्रोबा धनगराची गोष्ट जोडलेली असते. यातली तारीख खरी आहे आणि बर्कलीही खरा. बाकीचं दुरुस्त करायला हवं.

पहिला दावा. १४ जून १८५८ला सुरू झाला तो खंडाळा ते पुणे एवढाच मार्ग. मुंबईकडचे रूळ खोपोलीला पोचले होते १२ मे १८५६ला. मधला घाट तसाच होता. मुंबईहून आलेला माणूस खोपोलीला उतरायचा, सामान उतरवून घ्यायचा आणि १८३०मध्ये खुल्या झालेल्या घाटरस्त्याने पालखीतून, तट्टावर किंवा पायी वर खंडाळ्याला जाऊन दुसरी गाडी पकडायचा. घाटातून रेल्वे सुरू झाली २१ एप्रिल १८६३ला, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते. मधली जवळजवळ पाच वर्षं ही पोस्ट गिळून टाकते, आणि पुण्याकडे येणाऱ्यांसाठी खोपोलीला सर्वांत जास्त महत्त्व होतं ते नेमकं याच वर्षांत.

म्हणूनच दुसरा दावा मला जास्त खटकतो. खोपोलीहून पुढे लाइन नेता आली नाही म्हणून ती तिथे संपली, असं म्हणायचं तर तारखा उलट्या लावाव्या लागतील. खोपोलीच्या अलीकडच्या पळसदरीहून खंडाळ्याकडे चढणाऱ्या लाइनचं काम जानेवारी १८५६मध्येच सुरू झालं होतं, खोपोलीला पहिली गाडी जायच्या आधी. घाट कुठून चढायचा हे ठरलेलं होतं. खोपोलीपुढे डोंगर एकदम उभा राहतो. पळसदरीच्या बाजूने तोच चढ सुमारे २५ किलोमीटरवर पसरवता आला. तरीही काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट असा चढ उरलाच, आणि घाटात गाडीची दिशा उलटवण्यासाठी रिव्हर्सिंग स्टेशन ठेवावं लागलं. आजही कर्जतला गाड्यांना मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लागतो तो याच चढासाठी. खोपोलीची लाइन रस्त्याला जोड द्यायला टाकली होती आणि ते काम तिने चोख केलं. आजही तिथे लोकल जाते.

पुणे स्टेशनच्या इमारतीबद्दल फार लिहायला नको. आज उभी आहे ती १९२५ची.

आता बर्कली. आखणी त्याची, हे मान्य. पण रेल्वे खुली झाली तेव्हा तो हयात नव्हता. १८६२मध्येच तो वारला. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल १८५९मध्ये काम सोडून गेला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी वारला, आणि कंत्राट पुढे चालवलं त्याची बायको ॲलिस हिने. पोस्टमध्ये तिचं नावसुद्धा नाही. आणि मजूर? १८६१मध्ये घाटात एका वेळी चाळीस हजारांहून जास्त माणसं राबत होती. त्यांनी २५ बोगदे फोडले, कॉलऱ्यात माणसं गमावली. १८५९च्या सुरुवातीला मजुरीच्या तक्रारींवरून ते उठले, दंगल झाली, चौकशी बसली. एवढ्या माणसांचं श्रेय एकाच्या नावावर टाकणं मला सहन होत नाही.

राहिली शिंग्रोबाची गोष्ट. धनगराने इंग्रजांना वाट दाखवली आणि त्यांनी त्यालाच गोळी घातली, ही घाटातली लोककथा आहे. येणारे-जाणारे शिंग्रोबाला हात जोडतात, मीही जोडते. पण त्याचं देऊळ आहे खोपोलीहून चढणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. रेल्वे चढते ती पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल अशी, डोंगराच्या वेगळ्या अंगाने. पोस्ट पुढे पाठवणाऱ्यांनी ही कथा लोककथा म्हणूनच सांगावी, आणि घाटातल्या रेल्वेपुढे १८६३ हे साल लिहावं.