नखुरडं, लिंबू आणि 'पू सुकायची गोळी'

आठवडाभरात तीन जणांनी तोच निरोप मोबाईलवर उघडून माझ्या काउंटरवर ठेवला. मी मेडिकल चालवते. निरोप थोडक्यात असा: मुलाच्या बोटाला नखुरडं झालं तर डॉक्टरकडे नेऊन चिरफाड करू नका. लिंबाला भोक पाडून रात्रभर बोट आत ठेवा. नाहीच उतरलं तर घरात उरलेलं ॲमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचं सिरप एकेक चमचा द्या, पू आतल्या आत सुकतो. ठणका थांबला की औषध बंद.

लिंबाची टोपी माझ्या आजीनेही मला घातली होती. गार, ओलसर लिंबाने ठणकत्या बोटाला घटकाभर बरं वाटतं, हे नाकारत नाही. पण लिंबू पू ओढून काढत नाही, आणि सोललेल्या कातडीला आम्ल झोंबतं ते वेगळंच. कागदी लिंबाचा रस लागलेला हात उन्हात गेला तर भाजल्यासारखे चट्टेही उठू शकतात. त्यापेक्षा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बोट बुडवा, दिवसातून तीन-चार वेळा. नखाची कड नुसती लाल आणि सुजलेली असेल, पू झालेला नसेल, तर पुष्कळदा एवढ्यावर भागतं. म्हणजे दर नखुरड्याला अँटिबायोटिक लागत नाही.

'पू आतल्या आत सुकतो' हे मात्र साफ खोटं. काउंटरवर 'पू सुकायची गोळी द्या' असं रोज कुणीतरी म्हणतं. तशी गोळी नाही. औषध रक्तातून पोचतं, आणि पुवाच्या पोकळीत रक्त खेळत नाही. तिथे पुवाला वाट करून द्यावी लागते. डॉक्टर बहुतेकदा नखाच्या कडेची कातडी जरा उचलतात, पू निघतो, मूल रडायचं थांबतं. साध्या नखुरड्यात त्यानंतर अनेकदा अँटिबायोटिकही लागत नाही. ज्या 'चिरफाडी'ची भीती घातली जाते, तीच औषध वाचवते.

आता ॲमॉक्सिसिलिन. नखुरड्यात सर्वाधिक सापडणारा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस. त्याच्या बहुतेक जाती पेनिसिलिन कुळातलं साधं औषध फोडून टाकणारं विकर (एन्झाइम) तयार करतात, म्हणून नुसतं ॲमॉक्सिसिलिन तिथे फुकट जातं. अँटिबायोटिक लागलंच तर डॉक्टर बहुधा सेफॅलेक्सिन किंवा त्या विकराला अडवणारं क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड जोडलेलं ॲमॉक्सिसिलिन लिहितात. अंगठा चोखणाऱ्या, नखं कुरतडणाऱ्या मुलांच्या बोटात तोंडातले जंतूही शिरलेले असतात, त्यांचाही विचार करावा लागतो.

शिवाय 'एकेक चमचा' म्हणजे किती? साधं ॲमॉक्सिसिलिन ५ मिलीत १२५ मिग्रॅचं मिळतं आणि २५० मिग्रॅचंही. चमचा तोच, औषध दुप्पट. मुलांचा डोस वजनावर ठरतो, आणि या औषधाला चिठ्ठी लागते.

एक गोष्ट निरोपात नाहीच: प्रत्येक सुजलेलं बोट म्हणजे नखुरडं नव्हे. बोटाच्या टोकावर पाण्यासारखे बारीक फोड घोसाने आले, भयंकर दुखतंय आणि नुकतंच तोंडही आलं होतं, तर ती नागीण-कुळातल्या हर्पिस विषाणूची लागण असू शकते. तिथे अँटिबायोटिक बिनकामाचं, आणि ते फोड चिरायचेही नसतात. बोटाचं पेर टणक फुगून ठणकत असेल, लाल रेघ हातावर चढली, काखेत अवधाण (दुखरी गाठ) आलं, ताप भरला, किंवा आखं बोट सुजून वाकलेलं राहतंय आणि सरळ केलं की मूल किंचाळतंय, तर सकाळची वाट बघू नका. स्नायूच्या दोरीच्या आवरणात पू गेला तर बोट कायमचं अखडू शकतं.

राहिलं 'ठणका थांबला की बंद'. ठणका नुसता दाब कमी झाल्यानेही थांबतो; फुटलेल्या नखुरड्यात तेच होतं. औषध किती दिवस ते डॉक्टर बोट बघून सांगतात. मध्येच थांबवलेलं सिरप मग फ्रिजच्या दारात उभं राहतं, आणि हेच ते निरोपातलं 'घरात उरलेलं'. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडवालं सिरप पाणी घातल्यावर फ्रिजमध्येही आठवडाभरच टिकतं. मागच्या पावसाळ्यातली बाटली असेल तर आधी ओतून टाका.