ग्रिडची हुकमत थेट मुलांपुरतीच

सीएसएस (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) मधल्या ग्रिड या मांडणीच्या पद्धतीवरच्या एका लेखात म्हटलंय: ‘ग्रिड-टेम्प्लेट-एरियाज (पानाच्या भागांना नावं देऊन जागा आखणं) वापरलं की कंपोनंट (पानाचा स्वतंत्र तुकडा) इतर घटकांच्या आत कितीही खोल असू दे, पानावर हवा तिथे बसतो’ हे विधान दुरुस्त करायला हवं. ग्रिड फक्त थेट मुलांना, म्हणजे लगेच आतल्या घटकांना ओळखतं. पानाचा मुख्य कंटेनर आणि साइडबार यांच्या मध्ये एक साधा डिव्ह (नुसता डबा) आला, की साइडबारवरचं ग्रिड-एरिया (त्याची जागा सांगणारं नाव) निकामी होतं. ना एरर, ना वॉर्निंग. नवखा माणूस तासभर शोधत बसतो. मधल्या डिव्हला ‘डिस्प्ले: कंटेंट्स’ (डबा नाहीसा करून आतले घटक थेट ग्रिडला देणं) दिलं तर काम भागतं, पण त्या डिव्हचं पॅडिंग (आतली मोकळी जागा), बॉर्डर, बॅकग्राउंड सगळं जातं. सबग्रिड, म्हणजे आतल्या डब्याने बाहेरच्या ग्रिडच्याच रेषा वापरणं, जास्त भरवशाचं. मात्र क्रोममध्ये ते २०२३ साली, आवृत्ती ११७ पासून आलं, तेव्हा जुने ब्राउझर सांभाळायचे असतील तर आधी बघून घ्या.

मार्जिनचा (घटकाबाहेरच्या अंतराचा) मुद्दा तर लेखात सुटलाच आहे, आणि खरी गफलत तिथेच होते. कार्डाच्या स्वतःच्या सीएसएसमध्ये २४ पिक्सेलचं मार्जिन-बॉटम (खालचं अंतर) लिहिलं की लेआउट, म्हणजे पानाची मांडणी, कंपोनंटमध्ये शिरलाच. तेच कार्ड १६ पिक्सेल गॅपच्या (घटकांमधल्या अंतराच्या) ग्रिडमध्ये टाका, दोन ओळींत ४० पिक्सेलचं अंतर पडतं, कारण मार्जिन गॅपमध्ये मिसळून जात नाही, त्यात भर घालतं. कार्डाने आतलं पॅडिंग तेवढं ठरवावं, बाहेरचं अंतर पॅरेंटने (कार्ड ज्यात आहे त्या घटकाने) गॅपने द्यावं. आणि एरियाजने साइडबार डावीकडे आणला तरी टॅब कळ डॉमच्याच (ब्राउझरने मार्कअपमधून उभारलेल्या घटकांच्या रचनेच्या) क्रमाने फिरते, त्यामुळे क्रम मार्कअपमध्येच (पानाच्या एचटीएमएलमध्येच) नीट लावा.