जास्त गेनच्या प्रीॲम्पने ताकद वाढते का?

सोलापुरातल्या घरी गाणी ऐकणाऱ्या हौशी मंडळींत एक सल्ला सध्या फार फिरतोय : "आवाज बसका वाटतोय? जास्त गेनचा प्रीॲम्प घ्या, शक्यतो ट्यूबचा. ताकद वाढते, बास भरतो, कुठल्याही पॉवर ॲम्पला चालतो." प्रीॲम्प म्हणजे प्लेअर आणि स्पीकर चालवणारा पॉवर ॲम्प यांच्या मधलं, आवाजाची पातळी ठरवणारं यंत्र; गेन म्हणजे ते सिग्नल किती वाढवतं ते; आणि ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या. या सल्ल्यातलं एकही विधान टिकत नाही, आणि त्यापायी लोकांचे कष्टाचे पैसे जातात.

"ताकद वाढते." वॅट पॉवर ॲम्पचे असतात. सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल संगीताचा विद्युत सिग्नल करणारं यंत्र) साधारण २ व्होल्ट देतो; बहुतेक पॉवर ॲम्पना पूर्ण ताकदीसाठी १ ते २ व्होल्ट पुरतात. म्हणजे सिग्नल आधीच पुरेसा आहे. त्यावर २० डेसिबल गेन, म्हणजे दहापट वाढ, दिली की व्हॉल्यूमचा नॉब जेमतेम घड्याळातल्या आठ-नऊच्या आकड्यापर्यंतच फिरवता येतो. नेमक्या त्याच पट्ट्यात स्वस्त पॉटचे (नॉबमागच्या व्हॉल्यूम कंट्रोलचे) डावे-उजवे चॅनल सारखे चालत नाहीत, गायिका एका बाजूला सरकते. व्हॉल्यूमनंतरच्या टप्प्याची सरसर तर नॉब शून्यावर असतानाही ऐकू येते. ६ ते १० डेसिबल पुष्कळ झाले.

"बास भरतो, कुठल्याही ॲम्पला चालतो." इथे तर उलटंच घडू शकतं. बहुतेक ट्यूब प्रीॲम्पच्या आउटपुटला कपॅसिटर असतो, म्हणजे खालचे सूर अडवू शकणारा भाग. तो ०.४७ मायक्रोफॅरॅडचा आणि पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विद्युत विरोध) १० किलोओहम असेल, तर ३४ हर्ट्झला ३ डेसिबल गळतात. बेस गिटारची सगळ्यांत जाड तार ४१ हर्ट्झची. तीही दोनेक डेसिबलने उतरते. तोच प्रीॲम्प ४७ किलोओहमला जोडा, गळती ७ हर्ट्झवर जाते आणि बास शाबूत राहतो. म्हणून विकत घेण्याआधी दोन्ही यंत्रांची माहितीपत्रकं शेजारी ठेवा : पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पिडन्स प्रीॲम्पच्या आउटपुट इम्पिडन्सच्या निदान दहापट हवा, आणि ट्यूबच्या बाबतीत आउटपुट इम्पिडन्सचा २० हर्ट्झवरचा आकडा मागा, फक्त १ किलोहर्ट्झचा नको.

सल्ला देणाऱ्यांचं आणखी एक म्हणणं : "लावल्याबरोबर फरक कळतो." कळतो, कारण तो जास्त मोठ्याने वाजत असतो. एखाद-दुसऱ्या डेसिबलची वाढही कानाला 'खुललेला आवाज' वाटते. २०० हर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा आणि दोन्ही प्रीॲम्पचे आकडे एक टक्क्याच्या आत जुळवा. मल्टिमीटरला २ व्होल्ट एसीची रेंज हवी. सर्वांत स्वस्त मीटरमध्ये ती नसते. नंतरच तुलना करा, तीही कोणता वाजतोय हे ऐकणाऱ्याला न सांगता.

आता बसक्या किंवा कर्कश आवाजाचं खरं कारण. शहाबादी फरशी, उघड्या भिंती, समोर काच : अशा खोलीत कुठलाही प्रीॲम्प कर्कशच वाटणार. जाड सोलापुरी चादर भिंतीपासून चार बोटं पुढे लटकवा, वरचा तीक्ष्णपणा उतरतो. बासवर तिचा उपयोग नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून हलवून पाहा.

शिवाय इथला उन्हाळा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना ट्यूबचं यंत्र बंद कपाटात ठेवलं, तर दर १० अंशांच्या वाढीला त्यातल्या इलेक्ट्रोलायटिक (आत रासायनिक द्रव असलेल्या) कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. वर वीतभर जागा मोकळी सोडा.

जास्त गेनची खरी गरज असते ती रेकॉर्ड प्लेअरला. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (रेकॉर्डवरच्या सुईचा, हलत्या चुंबकावर चालणारा भाग) फक्त ५ मिलिव्होल्टच्या आसपास देतं. त्याला ४० डेसिबल गेन, ४७ किलोओहम इनपुट आणि आरआयएए दुरुस्ती (रेकॉर्ड कोरताना कमी केलेला बास आणि वाढवलेले वरचे सूर पूर्ववत करणारी) असलेला फोनो प्रीॲम्प, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरसाठीचा खास प्रीॲम्प, लागतोच. मूव्हिंग कॉइल (चुंबकाऐवजी वेटोळं हलणारं कार्ट्रिज) असेल, तर ६० डेसिबल.