तलाव बंद आहे, हे सांगायला तोंड नाही का तुम्हाला?

"पुढील आदेशापर्यंत तलाव बंद राहील."

एवढंच लिहिलंय. खाली सही नाही, तारीख नाही, कारण नाही. ए-फोर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टीने गेटला लावलाय. पहिल्याच पावसात पिशवीत पाणी शिरलं आणि 'आदेशापर्यंत'ची शाई पार पसरली. आता जुलै संपत आला. आमच्या महापालिकेचा पोहण्याचा तलाव मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून बंद आहे. मुलांना सुट्टी, उन्हाने जीव नकोसा झालेला, आणि नेमकं तेव्हा कुलूप लावलं.

माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे. दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांनी सांगितलं, रस्त्यावर फार चालू नका, पाण्यात चाला. म्हणून एप्रिलमध्ये दोघींचे वार्षिक पास काढले, दुपारच्या महिलांच्या बॅचचे. पैसे आगाऊ भरले. मग एक दिवस आईला रिक्षातून उतरवलं, हाताला धरून गेटपर्यंत नेलं, तेव्हा तो कागद दिसला. रिक्षा तोवर निघून गेली होती. आई गेटशेजारच्या कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "अगं, आधी कळवायचं तरी!"

तेच तर म्हणतेय मी. पास काढताना माझा मोबाइल नंबर घेतलात ना? त्यावर ओटीपी पाठवलात ना? मालमत्ता कराची मुदत जवळ आली की त्याच नंबरवर मेसेजवर मेसेज येतात. मग 'तलाव बंद आहे' हे तीन शब्द पाठवताना काय होतं? दुरुस्ती करा, कोण नाही म्हणतंय? पाणी खराब असेल, फिल्टर बंद पडला असेल, तर तलाव बंद ठेवलाच पाहिजे. पण किती दिवस, ते सांगा ना! खासगी क्लबची फी आमच्या आवाक्याबाहेर आहे. आईने आता काय करायचं?

वॉचमनकाका रोज सगळ्यांच्या शिव्या खातात. "ताई, मलाही कोणी काही सांगत नाही हो." खरंच सांगत नाहीत. वॉर्ड ऑफिसात गेले, तर क्रीडा विभाग म्हणतो बांधकामला विचारा, बांधकाम म्हणतं मोटारीचं काम विद्युतकडे आहे, आणि विद्युतचे साहेब साइटवर. ॲपवर तक्रार केली, ती तिसऱ्या दिवशी बंद. शेरा काय, तर 'संबंधित विभागास कळविले'. कळवलं म्हणजे निवारण झालं? आणि पालिकेच्या फेसबुक पानावर रोज पुष्पगुच्छ देतानाचे फोटो. तलावाबद्दल तिथे एक ओळ नाही.

माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. त्याचं कलम ४ वाचा. लोकांना माहिती मागावीच लागू नये, कार्यालयांनी ती स्वतःहून, स्थानिक भाषेत आणि लोकांपर्यंत नीट पोहोचेल अशा पद्धतीने द्यावी, असं त्यात आहे. सूचना फलकाचा तर कायद्यात नाव घेऊन उल्लेख आहे. वीस वर्षं होऊन गेली, आणि आमच्या गेटवर अजून हा भिजलेला कागद!

आमचं मत विचारण्याची तर बातच सोडा. प्रभागातल्या लोकांनी एकत्र बसून बोलावं म्हणून राज्याने २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद केली. आमच्या प्रभागात एकही झालेली नाही. झाली असती, तर निदान एवढं तरी सांगता आलं असतं की बाबांनो, दुरुस्ती जानेवारीत काढा, मे महिन्यात नको. बागा, मैदानं पुरवणं हे पालिकेचं काम असल्याचं राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत लिहिलंय. कोणी आमच्यावर उपकार करत नाहीये.

शेवटी काल दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिला. काम कोणाला दिलं, मुदत कधीची, वाया गेलेल्या महिन्यांची पासला मुदतवाढ देणार की पैसे परत करणार? तीस दिवसांत लेखी उत्तर हवंय. आवक-जावकच्या टेबलावर शिक्का मारता मारता क्लार्कने विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठल्या पक्षाच्या?"

मी पर्समधून आईचा पास काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.