परत आलेल्या मुलांची जागा

गेल्या आठ दिवसांत माझ्या चौथीच्या वर्गात सहा मुले परत आली. दिवाळी संपताच आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला गेलेली ही मुले, कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, एप्रिलच्या उन्हात गावी उतरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेला दारात येऊन उभी राहिली. दारातून आत पाऊल टाकायला त्यांना जो थोडा वेळ लागतो, त्याविषयी मला आज लिहायचे आहे. बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत सतरा वर्षे शिकवल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की मुलाचे शिक्षण चालू राहणार की थांबणार, हे ते गाव सोडते त्या दिवशी ठरत नाही. ते परत आल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत ठरते.

अशा मुलांच्या जिद्दीचे आपल्याकडे फार कौतुक होते. ऊसतोड कामगाराचा मुलगा फौजदार झाला, मुलगी डॉक्टर झाली, अशा बातम्या येतात आणि त्या वाचून मलाही मनापासून आनंद होतो, कारण त्या यशामागचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत. तरीही त्या बातम्यांतून जो निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. जिद्द असली की शिकता येते, असे एकदा ठरले की जो शिकू शकला नाही त्याच्यात जिद्द नव्हती, हेही न बोलता ठरून जाते. पहाटे आईबरोबर उठणारे, उसाच्या फडात धाकट्या भावंडाला सांभाळणारे, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, सारी थंडी काढणारे नऊ वर्षांचे मूल चिकाटीत नेमके कुठे कमी पडते, हे मला अजून कोणी दाखवून दिलेले नाही. कमी पडते ती शाळेची व्यवस्था, आणि त्या व्यवस्थेत मीही आले.

या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी मुकादमाकडून जी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते, ती बहुधा या जोडीच्या नावावर असते आणि ती फेडायची तर दोघांनाही जावेच लागते. घरी आजी-आजोबा असतील आणि त्यांचे हातपाय चालत असतील, तर मूल गावात राहते. नसतील तर ते कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे किंवा थेट कर्नाटकात जाते. थोरल्या मुलीला तर अनेकदा आजी असूनही न्यावे लागते, कारण आई फडात असताना कोपीवर भाकरी कोणी करायची आणि तान्हे कोणी सांभाळायचे, याला दुसरे उत्तर त्या घराकडे नसते. म्हणून ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही’ हे वाक्य माझ्यासमोर कोणी उच्चारले की मला ते सहन होत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री माझ्या दारी येऊन ‘बाई, पोरीचं नाव तेवढं काढू नका’ असे सांगून गेलेल्या आयांची संख्या मला आता मोजता येत नाही.

नाव कोणी काढत नाही. अडचण नेमकी तिथेच दडलेली आहे. शाळेची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे याचा हिशेब, ३० सप्टेंबरच्या पटावर होत आला आहे. त्या दिवशी माझ्या वर्गातली सगळी मुले वर्गात असतात. ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात त्या दसरा-दिवाळीच्या सुमारास. वर्षाचा जो दिवस मोजला जातो, त्या दिवशी स्थलांतर झालेलेच नसते, आणि जानेवारीत अर्ध्याहून अधिक बाके रिकामी असतात तेव्हा पट मोजण्याचा दिवस नसतो. कागदावर मूल माझ्या शाळेत असते आणि प्रत्यक्षात ते तीनशे किलोमीटरवर एखाद्या फडाच्या बांधावर असते. ३१ जानेवारीलाही असाच एक पट मोजला जावा आणि त्यावर शिक्षण खात्याने काही ठरवावे, ही मागणी मी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत अनेकदा मांडली आहे आणि इथेही मांडते.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगितल्याशिवाय पुढे लिहिणे मला योग्य वाटत नाही. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी तिसरीतला एक मुलगा असाच एप्रिलमध्ये परत आला. जाण्यापूर्वी तो जोडाक्षरांपर्यंत पोहोचला होता. तो किती विसरला आहे हे पाहावे, या हेतूने मी त्याला पहिल्याच तासाला सगळ्या वर्गासमोर उभे करून धडा वाचायला सांगितला. त्याला पहिली ओळही वाचता आली नाही. मुले हसली, मी त्यांना दटावले, आणि मग, माझ्या समजुतीप्रमाणे प्रेमानेच, त्याला म्हणाले की आपण पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करू. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मी घरी गेले, तेव्हा तो घराच्या मागच्या बाजूने निघून गेला. पुढे जूनमध्ये पटावर त्याचे नाव होते, तो मात्र नव्हता. सहा महिने वाचायला अक्षर न मिळाल्याने जे मागे पडले होते, ते दीड-दोन महिन्यांत भरून आले असते, हे मला आज अनुभवाने ठाऊक आहे. वाचन गेलेले नसते. सरावाअभावी ते खोल गेलेले असते आणि थोडे उकरले की वर येते. पण त्या दिवशी मी त्याला जे दाखवले ते एवढेच, की सगळे पुढे गेले आणि तू होतास तिथूनही मागे आलास.

तेव्हापासून परत आलेल्या मुलाची मी पहिल्या आठवड्यात कोणतीही चाचणी घेत नाही. त्याला जे येते तिथून आम्ही सुरुवात करतो आणि त्याला पुष्कळ काही येत असते. जामखेड, करमाळा, टेंभुर्णी, पंढरपूर, सांगोला, मिरज या वाटेने गेलेल्या मुलाने सीना पाहिलेली असते, भीमा ओलांडलेली असते, कृष्णेच्या काठी कपडे धुतलेले असतात. चौथीच्या पुस्तकातल्या नकाशावर ती वाट त्याच्याकडून काढून घेतली की गावात राहिलेली मुले त्याच्याभोवती गोळा होतात आणि त्या तासापुरता तो शिकवणारा होतो. कर्नाटकात गेलेली मुले कानडीत दहापर्यंत अंक म्हणून दाखवतात. काही मुले वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या पाच-पाचच्या हिशेबाने बिनचूक मोजून शेकडा पुरा करतात. फक्त एकशे चार हा आकडा लिहायला सांगितला की १००४ लिहितात.

गणिताचे एक उदाहरण थोडे विस्ताराने देते, कारण माझ्या शिकवण्यात त्याने फार मोठा फरक पडला. हातच्याची वजाबाकी हा चौथीपर्यंत रेंगाळणारा विषय आहे. बावन्नातून सव्वीस वजा करताना दोनातून सहा जात नाहीत, मग पलीकडून एक दशक घ्यायचे आणि त्याचे दहा सुटे करायचे, ही क्रिया मुले पाठ करतात आणि विसरतात. मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून वापरत असे. एका वर्षी परत आलेल्या एका मुलीने ते रबर बाजूला ठेवले, मैदानातून गवताची लांब पात आणली आणि उसाची मोळी बांधतात तशी गाठ मारून दहाचा गठ्ठा बांधला. मग वजाबाकीची वेळ आल्यावर ती सहज म्हणाली, ‘सुटं कमी पडतंय, तर एक मोळी सोडायची.’ त्या दिवसापासून आमच्या वर्गात हातचा ‘घेत’ नाहीत, मोळी सोडतात, आणि बेरजेत दहा सुटे झाले की मोळी बांधतात. ही भाषा गावात राहिलेल्या मुलांनाही लगेच कळली, कारण मोळी त्यांच्याही घरातली आहे. आमच्या भागातल्या मुलांना गणित अवघड जाते असे मी वर्षानुवर्षे ऐकत आणि मानत आले होते. अवघड जात होते ते माझे रबर लावलेले गठ्ठे.

मूल गावातच राहावे यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि ती चांगली आहे, हे मी स्पष्टपणे सांगते. शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते, मुलांना दोन वेळचे जेवण मिळते, संध्याकाळचा अभ्यास होतो आणि रात्री बरीच मुले आजीकडे झोपायला जातात. मात्र तिचा सारा उपयोग वेळेवर अवलंबून आहे. एका वर्षी आमच्या गावाच्या वसतिगृहाला मंजुरी आली तेव्हा टोळ्या निघून पंधरवडा उलटला होता. जेवणाची हमी नसताना कोणती आई मुलाला मागे ठेवील? २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर केली, त्यात ४१ तालुक्यांत मुलामुलींची मिळून ८२ वसतिगृहे ठरली. घरापासून दूर राहू शकणाऱ्या मोठ्या मुलांना त्यांचा आधार आहे. पहिली ते चौथीच्या लेकरांना मात्र गावातलीच सोय हवी, आणि ती दिवाळीपूर्वी हवी.

वसतिगृह हा काही आपल्याला नवा विचार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात वसतिगृहाला सुरुवात करून दिली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे बोर्डिंग उभे केले. ज्या मुलाला घर शाळेत टिकू देत नाही, त्याच्यासाठी शाळेनेच घर व्हायचे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले. आमच्या गावची मुले दर हिवाळ्यात त्याच कोल्हापूर-साताऱ्याच्या शिवारात कोप्यांमधून राहतात, हे मला दरवर्षी नव्याने टोचते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने या मुलांना पुष्कळ दिले आहे. वयानुसार वर्गात प्रवेश, मागे राहिलेल्यांना विशेष प्रशिक्षण, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आणि दाखल्यासाठी प्रवेश न अडवण्याची तरतूद, हे सगळे त्यात आहे. आता मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यात २०२३ पासून पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेचे नियम बदलले. अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी आहे, तीही हुकली तर त्याच वर्गात बसावे लागते. परीक्षा असू नये असे माझे म्हणणे नाही. पण वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये आणि मुलाचे परतणेही एप्रिलमध्ये, अशा वेळी त्याच्या पाचवीचा निकाल कसला निकाल असतो? स्थलांतरित मुलांसाठी ही परीक्षा जुलैच्या शेवटी, शाळेत सलग दीड महिना बसल्यानंतर व्हावी, एवढा बदल केला तरी पुष्कळ मुले वाचतील. पाचवीत मागे बसवलेली अकरा वर्षांची मुलगी पुढच्या हंगामात बहुतेक परत येत नाही, आणि दोन-तीन वर्षांत तिच्या लग्नाचे बोलणे सुरू होते, हे मी पाहिले आहे.

शिक्षकाच्या मनाविषयीही बोलायला हवे. चौतीसचा वर्ग अकरावर येतो तेव्हा शिकवण्याचा उत्साह टिकवणे कठीण असते. जे आहेत त्यांना पुढे न्यावे की जे गेलेत त्यांची वाट पाहावी, हा पेच रोजचा असतो. त्यात निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे हे आहेच. मला या काळात सर्वांत मोठा आधार मिळाला तो एका आजीचा. नातवाला ठेवून घेतलेल्या या आजी एक दिवस शाळेत आल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, पोरगं ठिवलंय मी, पण अभ्यासाचं मला काय कळतंय? काय करू ते सांगा.’ मी त्यांना सांगितले की तुम्ही भाकरी थापताना त्याला चुलीशी बसवून मोठ्याने वाचायला लावा. त्यांनी चार महिने एकही दिवस न चुकता ते केले, आणि तो अडखळला की त्या हात थांबवत. मार्चमध्ये त्या मुलाचे वाचन वर्गात सर्वांत स्वच्छ होते. पुढच्या वर्षापासून आम्ही अशा सगळ्या आजी-आजोबांची दर पंधरा दिवसांनी शाळेत बैठक घेऊ लागलो. जी माणसे शाळेत आजवर फक्त सही-अंगठ्यासाठी येत होती, ती आता नातवंडाच्या वाचनाबद्दल तक्रार घेऊन येतात, आणि ती तक्रार ऐकताना मला बरे वाटते.

जाणाऱ्या मुलाबरोबर मी अर्ध्या पानाचे एक कार्ड देते. त्यावर मुलाचे नाव, इयत्ता, त्याला काय वाचता येते, कोणत्या बेरजा-वजाबाक्या जमतात, आपण कुठे थांबलो आणि माझा फोन क्रमांक, एवढेच असते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुण्याकडच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की, आपल्या शाळेजवळ कोप्या पडल्या तर एकदा तिथे जाऊन यावे आणि एखादे मूल असे कार्ड घेऊन आले तर त्याला वर्गात बसवून घ्यावे. त्याच्या बोलण्याच्या ढंगाला वर्ग हसणार नाही, एवढी काळजी घेतली तर उरलेले ते मूल स्वतः करते.

परतलेल्या त्या सहाजणांत एक मुलगी आहे. परवा तिने दप्तरातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले ते कार्ड काढून माझ्या हातात दिले. मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या शाईत, मला अनोळखी असलेल्या अक्षरात लिहिले होते : ‘जानेवारी, फेब्रुवारी असे दोन महिने येत होती. तीन अंकी बेरीज जमते. वजाबाकीत मोळी सोडते म्हणते, ते आम्हीही शिकलो. गोष्ट छान सांगते.’ खाली सही आहे, शाळेचे नाव नाही. त्या ओळींच्या खाली मी परवाची तारीख आणि आम्ही उघडलेल्या धड्याचे नाव लिहिले, आणि कार्ड तिच्याकडेच ठेवायला दिले.