एक साठची गाडी आणि साडेचौदा हजारांचा हप्ता

मार्चमध्ये आमच्या डिझायरचं पासिंग, म्हणजे पंधरा वर्षांची नोंदणी, संपतंय. एमएच-१३ म्हणजे सोलापूर, २०११ चं मॉडेल, डिझेल. त्यामुळे दुकानात, गल्लीत, लग्नाच्या पंगतीत, जिथं जाईन तिथं एकच सल्ला मिळतोय: "काढून टाक की बे आता." सल्ला देणाऱ्यांत बरेचजण असे की ज्यांनी आयुष्यात डिझेल गाडीचं स्टिअरिंग धरलेलं नाही. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन दमलोय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या गाडीचा हिशोब आपल्याकडं उलटा मांडतात. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी लावून बघतात. तो लावायचा असतो नव्या गाडीच्या हप्त्याशी.

गेल्या वर्षी क्लच, पुढचे शॉकअप आणि एसीचा कंडेन्सर मिळून चाळीसेक हजार गेले. बायको म्हणाली, "गाडीची किंमत किती, खर्च किती? डोकं ठिकाणावर आहे का?" ऐकायला बिनतोड वाटतं. पण मी गाडी विकून पायी फिरणार आहे का? तिच्या जागी दुसरी येणार. ७ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, ५ वर्षं मुदत धरली तर महिन्याचा हप्ता साडेचौदा हजारांच्या घरात जातो. म्हणजे वर्षाला पावणेदोन लाख. शिवाय नव्या गाडीचा फुल इन्शुरन्स, आणि शोरूममधून बाहेर पडताक्षणी उतरणारी किंमत वेगळीच. त्यापुढं माझे चाळीस हजार मला तरी जड वाटत नाहीत. आणि क्लच काही दरवर्षी जात नाही.

आता भाव काय आला ते सांगतो. होटगी रोडला जुन्या गाड्यांचा एक व्यापारी आहे, त्याला दाखवायला नेली होती. माणूस जाणकार. आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, दरवाजांच्या कडांवरून बोट फिरवलं, डिकीतली मॅट उचलून खालचा पत्रा बघितला. मग इंजिन चालू ठेवूनच ऑइलचं झाकण काढलं आणि तोंडावर उलटं ठेवलं. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असल्या की खालून येणाऱ्या हवेच्या दाबानं ते झाकण नाचतं, कधी उडून बाजूला पडतं. आमचं जागेवर बसून राहिलं, नुसतं थरथरत. दोन मिनिटं तो बघत राहिला. "इंजिन एक नंबर हाय साहेब, हात लागलेला नाही," म्हणाला, आणि पुढच्याच वाक्यात एक साठ, म्हणजे एक लाख साठ हजार सांगितले. मी म्हटलं, एक नंबर इंजिनाचे एक साठ? तर त्याचंही खरंच होतं. डिझेल, त्यात पासिंग संपत आलेलं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यापासून जुन्या गाड्यांचं गिऱ्हाईक थेट शोरूमला जातंय. त्याला त्याचा धंदा बघायचाय. पण या एक साठात माझे नव्या गाडीचे एका वर्षाचे हप्तेसुद्धा भागत नाहीत.

गाडीवर जीव आहे, हे नाकारत नाही. पण घेतली तेव्हा प्रेमाबिमानं घेतली नव्हती, भावातला फरक बघून घेतली होती. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारनं बाजारावर सोडले आणि डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले. मधल्या काळात लिटरमागं वीस-पंचवीस रुपयांचं अंतर पडलं होतं, आणि डिझेल गाडीला महिनोन्‌महिने वेटिंग. तेव्हा टॉवेलची सॅम्पलं घेऊन हैदराबादला बेगम बाजारात माझ्या सारख्या फेऱ्या असायच्या. नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद या रस्त्यावर त्या इंजिनाची खरी ओळख झाली. १२४८ सीसी, ७५ पीएस, मूळ रचना फियाटची. त्या काळात स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत निम्म्या देशाच्या गाड्यांत हेच इंजिन होतं, त्याला लोक गमतीनं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. दोन हजार आरपीएमच्या खाली झोपलेलं असतं. सात रस्त्याच्या सिग्नलवरून निघताना मागचा रिक्षावाला हॉर्न मारून जागं करतो. पण एकदा टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) जागा झाला की चौघं माणसं आणि डिकीभर गठ्ठे घेऊन तुळजापूरचा घाट असा चढते की शेजारी बसलेल्याला कळतही नाही. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. आमचा मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावतो, टोक इंजिनावर टेकवतो आणि डोळे मिटून चेनचा आवाज ऐकतो. गेल्या सर्व्हिसिंगला म्हणाला, "अजून बोलंना झालीय. बोलंल तवा बदलू."

एवढं सगळं असूनही विकण्याच्या बाजूनं एक मुद्दा खरा आहे, आणि सल्ला देणाऱ्यांपैकी एकानंही तो काढला नाही. माझं फिरणंच बदललंय. सॅम्पलांचे फोटो व्हॉट्सअॅपवर जातात, माल ट्रान्सपोर्टनं जातो. पुण्याला मुलाकडं जायचं तर फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आहे. सावळेश्वर आणि वरवड्याचा टोल भरत, हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत जायची हौस आता उरली नाही. मग गाडी करते काय? जुळे सोलापूर ते दुकान, दुकान ते घर, मध्ये भाजी. डिझेल इंजिनाला हा खुराक मानवत नाही. नीट गरम व्हायच्या आत बंद होतं, काजळी ईजीआरमध्ये (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) आणि हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये साचत जाते, टर्बोला मोकळा श्वास मिळत नाही. डिझेल गाडी वापरून मरत नाही, उभी राहून मरते. म्हणून ज्यांचं रोजचं जाणं-येणं पाच-सात किलोमीटरचं आहे त्यांनी स्वस्तात मिळते म्हणून जुनी डिझेल गाडी घेऊच नये.

आणि जुनी डिझेल विकून नवी डिझेल घेणं तर त्याहून चुकीचं. बीएस-६ (धुराच्या सरकारी नियमांचा आताचा टप्पा, बीएस-३, बीएस-४ हे त्याआधीचे) डिझेलला सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी हायवेवर पळवावी लागते. गावातल्या गावात फिरवली की ती जाळी तुंबते, दिवा लागतो आणि गाडी वर्कशॉपला. शिवाय घ्यायची म्हटली तरी मिळणार कुठं? मारुतीनं एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंदच केलं, छोट्या गाड्यांत आता शोधूनच काढावी लागते. राहिलं सीएनजी. परवडतं, मान्य. पण पंपावर रांग, आणि डिकीत टाकी. मग गठ्ठे काय मांडीवर घेऊ? पेट्रोल घ्यावं तर २० टक्के इथेनॉल. ऊस आपल्याच जिल्ह्याचा, कारखाने आपले, तेव्हा इथेनॉलबद्दल सोलापुरात वाकडं बोलणं अवघडच. पण अॅव्हरेज कमी झाल्याची तक्रार माझ्या ओळखीतले साखर कारखान्याचे सभासदच जास्त करतात, हे आपलं जाता जाता.

धुराबद्दल मात्र चेष्टा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कॅन्सरकारक ठरवलं. ते वाचलं तेव्हा माझी गाडी जेमतेम वर्षाची होती. आपल्या गावाची हवा आजची बिघडलेली नाही. १ एप्रिल २०१० ला देशात बीएस-४ लागू झालं ते फक्त दिल्ली परिसर आणि निवडक मोठ्या शहरांत. मिळून १३. महाराष्ट्रातून त्यात मुंबई होती, पुणे होतं आणि तिसरं नाव सोलापूर. नागपूर नाही, नाशिक नाही, सोलापूर! पुण्याच्या पंगतीत बसलो म्हणून छाती फुगवायचं कारण नाही. हवेतल्या धुळीच्या आकड्यांनी सुप्रीम कोर्टापर्यंत आपलं नाव आधीच पोचवलेलं होतं. बाकी देशाला बीएस-४ एप्रिल २०१७ मध्ये सक्तीचं झालं. म्हणजे शेजारच्या एमएच-२५ ला, धाराशिवला, २०११ साली बीएस-३ गाडी चालत होती, आणि आम्हाला बीएस-४ घ्यावी लागली. बीएस-४ म्हणजे स्वच्छ असं मी म्हणत नाही. पण पीयूसीवाल्यानं सायलेन्सरमध्ये नळी घालून अॅक्सिलेटर तळापर्यंत दाबला की माझी गाडी काळी पिचकारी मारत नाही, आणि ज्या दिवशी मारेल त्या दिवशी वरचे सगळे हिशोब बाद. हप्ता वाचतो म्हणून गल्लीतल्या पोरांच्या नाकात काजळी घालायचा हक्क मला नाही. सौदा म्हणाल तर हा एवढाच.

"पंधरा वर्षं झाली, आता भंगारात घालावीच लागते," हे ज्ञानही पुष्कळांनी दिलं. तसं नाही हो. सरकारी गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर रद्द करायचा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे, तो सरकारी गाड्यांना. दिल्ली आणि आसपासचं प्रकरण वेगळं. तिथं दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचे आदेश आहेत, १ जुलै २०२५ पासून पंपावर तेल देऊ नका असाही फतवा निघाला आणि बोंब झाल्यावर काही दिवसांतच गुंडाळावा लागला. पुढं सुप्रीम कोर्टानं कारवाईपासून सर्वांना दिलासा दिला, आणि डिसेंबरमध्ये तो बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता ठेवला. आपल्याकडं खासगी गाडी तपासणीत पास झाली तर आणखी पाच वर्षांसाठी नोंदणी मिळते. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत फॉर्म २५ भरायचा, कारची फी ५००० रुपये, पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर महिन्याला ५०० दंड. वीस वर्षांनंतर मात्र हीच फी १०,००० आहे. भंगारात घालायचंच असेल तर नोंदणीकृत केंद्रावर घाला. नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मिळावेत असा हिशोब आहे, आणि प्रमाणपत्रावर पुढच्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते.

ज्यांचं विकायचं ठरलंय त्यांना एक कळकळीची विनंती. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या ठोकून, पैसे मोजून घेऊन घरी येऊ नका. जुन्या डिझेल गाड्या इथून सांगोल्याला, मंगळवेढ्याला, सीमेपलीकडं कर्नाटकात जातात, कुणी वडापला (सीटवर प्रवासी भरायला) लावतो, कुणी दुधाला. दलालाकडून दुसऱ्याकडं, तिथून तिसऱ्याकडं, आणि आरसीवर नाव तुमचंच. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशाच एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की गाडी कितीही हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईला जबाबदार तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी विकणाऱ्याची असते, हे कायद्यातच लिहिलंय. माझ्या एका स्नेह्यानं मोटरसायकल विकून वर्ष झालं तरी तिची ई-चलनं अजून त्याच्या मोबाईलवर येतात. तिच्यावर आता तिघंजण बसतात, हे त्याला फोटोसकट कळतं. ट्रान्सफर झालेली दिसेपर्यंत शेवटचे दहा हजार हातात धरून ठेवा, घेणारा कितीही गोड बोलला तरी.

तर माझा निर्णय: विकत नाही. विजापूर रोडला आरटीओत अर्ज टाकलाय. नंबरप्लेट गेल्या वर्षीच नवी बसवली होती, त्यामुळे तो घोर नाही. ईजीआर साफ करून घेतलाय. आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढायची, अक्कलकोट नाहीतर तुळजापूर, आणि परत येताना चौथ्या गिअरमध्ये जरा दाबून आणायची, असं ठरवलंय. बायको म्हणते, इंजिनाच्या निमित्तानं का होईना देवदर्शन तरी घडेल. गावातल्या कामांना तिची स्कूटर आहेच. तपासणीत गाडी नापास झाली, किंवा मिस्त्री म्हणाला इंजिन उतरवावं लागतंय, तर दुसऱ्या दिवशी भंगार केंद्राचा रस्ता. ते काम निघालं तर हप्त्याचा हिशोबही माझ्या बाजूनं राहत नाही, एवढं मला कळतं.

तेव्हा "किती सांगतोस फायनल?" असं इनबॉक्समध्ये विचारणाऱ्या तिघाचौघा मित्रांनी आता दुसरी गाडी बघायला हरकत नाही. त्यापेक्षा टर्बोचं काम खात्रीनं करणारा, काढलेला पार्ट दाखवून मगच नवा बसवणारा माणूस सोलापुरात कुणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. आमच्या मिस्त्रीला त्या कामात हात घालायची इच्छा नाही, आणि टर्बोनं परवापासून बारीक शिट्टी धरलीय.